परसातला कोंबड्यांचा मिश्र कळप आणि खाडीकाठची ओल

ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात परसातल्या कोंबड्या आजारी पडतात त्या बहुतेक वेळा ओलीमुळे. इथे थंडी नावापुरती असते आणि उन्हाळा कडक असला तरी सावली आणि पाणी यांच्या आधाराने तो निभावता येतो. मात्र वर्षाचा साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळाच्या सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तेव्हा जमीन, खाद्य, अंथरूण आणि खुराड्याच्या फळ्या या सगळ्यांत पाणी मुरते, आणि कोंबड्यांची बरीचशी दुखणी त्या मुरलेल्या पाण्यातूनच सुरू होतात. त्यामुळे आठ-दहा पक्ष्यांचा छोटा कळप कसा सांभाळावा हे सांगताना मी पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नापाशी येणार आहे, तो म्हणजे जागा कोरडी आहे की नाही.

घणसोली गावठाणात आमच्या घरामागे वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद परस आहे. त्यात सध्या नऊ पक्षी आहेत: दोन काळ्या गावठी कोंबड्या, एक उघड्या मानेची गावठी, दोन वनराज आणि दोन ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या कोंबड्या, याच परसात जन्मलेली एक मिश्र तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आणि एक कोंबडा. येऊर किंवा कासारवडवलीकडचे बैठे घर, शिळ-दिव्याच्या पुढची वाडी, बेलापूर-दिवाळ्याचे गावठाण अशा कुठल्याही ठिकाणी ही पद्धत चालेल. इमारतीच्या गॅलरीत मात्र कोंबड्या ठेवू नयेत. तिथे त्यांना माती उकरता येत नाही, अंगावर धूळ घेता येत नाही, आणि वासाचा त्रास शेजाऱ्यांना होतो. महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर पक्षी आणण्यापूर्वी आपल्या प्रभाग समितीच्या किंवा विभागाच्या कार्यालयात नियम विचारून घ्यावेत, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना त्याच्याही आधी विचारावे.

कोणते पक्षी आणावेत

एकाच जातीच्या कळपाला एक नियम लावता येतो, मिश्र कळपाला तो लावता येत नाही. गावठी कोंबडी हलकी, चपळ आणि सावध असते. संधी मिळताच ती झाडावर चढते, वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते आणि मध्येच खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवायला बसून राहते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली वनराज अंगाने जड आणि स्वभावाने शांत असते. त्याच संस्थेची ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे आणि चांगले खाद्य मिळाले तर वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आलेली गिरिराजही वनराजसारखीच जड बांध्याची असते. झाबुआचा काळा कडकनाथ, ज्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोही अलीकडे पुष्कळ जण हौसेने आणतात. त्याचे मांस आणि हाडेसुद्धा काळसर असतात, पण अंड्यांच्या हिशेबाने तो ग्रामप्रियेच्या जवळपासही येत नाही.

माझ्या मते नव्या माणसाने दोन गावठी आणि तीन-चार सुधारित कोंबड्यांनी सुरुवात करावी. गावठी कोंबड्यांमुळे पिल्ले उबवण्याची सोय होते आणि घार दिसताच सगळ्यांना सावध करणारा आवाज कळपात राहतो. सुधारित कोंबड्यांमुळे घरात अंडी येत राहतात. उघड्या मानेची कोंबडी मिळाली तर ती जरूर घ्यावी. दिसायला ती काहींना आवडत नाही, पण तिच्या केवळ मानेवरच नव्हे तर सगळ्या अंगावर पिसे कमी असल्यामुळे तिच्या शरीरातली उष्णता सहज बाहेर पडते, आणि मे महिन्याच्या दमट दुपारी बाकीच्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकत असताना ती माती उकरत असते.

पक्षी आठ ते दहा आठवड्यांचे, लसीकरण झालेले आणि शक्यतो नजरेसमोरच्या जागेतून घ्यावेत. आठवडी बाजारात टोपलीत विकायला येणारी रंगवलेली पिल्ले मुलांच्या हट्टापायी घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली नर पिल्ले असतात, त्यांना आईची किंवा दिव्याची ऊब मिळालेली नसते आणि त्यांतली बरीचशी आठवडाभरातच दगावतात.

कोंबडा हवाच असे नाही, कारण कोंबड्याशिवायही कोंबड्या अंडी देतात. पिल्ले हवी असतील तरच आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दोन कोंबडे ठेवले तर छोट्या परसात मारामारी अटळ आहे आणि कोंबड्यांच्या पाठीवरची पिसेही झडून जातात. कोंबडा उजाडण्याची वाट पाहत नाही. त्याच्या शरीरातले घड्याळच त्याला पहाटेपूर्वी आरवायला लावते, म्हणून खुराड्यात अंधार केला तरी त्याचे आरवणे थांबत नाही. शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

खुराडे

रात्री झोपण्यासाठी दर पक्ष्यामागे तीन चौरस फूट आणि दिवसा फिरण्यासाठी किमान दहा चौरस फूट जागा धरावी. आमचे खुराडे सहा बाय पाच फुटांचे आहे आणि ते जमिनीपासून दोन फूट उंचीवर, विटांच्या चार खांबांवर उभे आहे. हे दोन फूट मी चुकीतून शिकले. पहिल्या वर्षी खुराडे जमिनीवरच ठेवले होते. जुलैत सलग पाच दिवस पाऊस लागला, वरून थेंबही गळत नव्हता म्हणून मी निर्धास्त होते, आणि सहाव्या दिवशी सकाळी दार उघडल्यावर महिन्याभराची तीन पिल्ले पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात एकमेकांना टेकून उभी दिसली. त्यांच्या पायांखालच्या तुसावर तांबूस डाग पडलेले होते. ती रक्ती हगवण होती आणि तीनही पिल्ले दोन दिवसांत गेली. वरचे तूस कोरडे दिसत होते, पण हात खाली घातला तेव्हा तळाचा थर चिखलासारखा झालेला होता. पाणी खालून चढले होते.

पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट काढावा. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम या बाजू फळ्यांनी बंद कराव्यात आणि उत्तर व पूर्व या बाजूंना जाळी ठेवावी, म्हणजे झड आत येत नाही आणि वाराही खेळतो. पावसाच्या भीतीने चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्यामुळे विष्ठेतला अमोनिया आणि श्वासाची वाफ आतच कोंडते, आणि सर्दी व डोळ्यांतून पाणी येण्याचे आजार तिथूनच सुरू होतात. खुराड्याच्या हवेची परीक्षा उभे राहून होत नाही. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीपर्यंत वाकावे, आणि तिथे आपल्या डोळ्यांना चुरचुरले तर तिच्या डोळ्यांनाही रात्रभर चुरचुरते असे समजावे.

जाळी अर्धा इंची वेल्डमेशचीच घ्यावी. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा किंवा घूस यांना बाहेर ठेवत नाही. फिरण्याच्या जागेभोवतीची जाळी जमिनीत एक फूट पुरावी, नाहीतर घूस खालून बीळ काढून येते. दाराला साधी फिरकी न लावता दाबून बसणारी कडी लावावी, कारण कांडेचोर, म्हणजे मांजरासारखा दिसणारा निशाचर प्राणी, रात्री सैल दार सहज उघडतो. मुंगूस, कांडेचोर, अजगर हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. येऊरच्या बाजूला खुराड्यात अजगर सापडला तर त्याला काठी न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत कुत्र्यांना व मुलांना दूर ठेवावे. त्याच भागात बिबट्याचाही वावर असल्यामुळे तिथल्या घरांनी अंधार पडण्यापूर्वी कोंबड्या बंद करण्यात एक दिवसही हयगय करू नये.

मिश्र कळपासाठी बसायच्या दांड्या दोन उंचींवर लावाव्या लागतात. गावठी कोंबड्यांना सगळ्यात उंच जागा हवी असते, तर वनराज किंवा गिरिराज चार फुटांवरून खाली उडी मारते तेव्हा तिच्या पायाच्या तळव्याला इजा होते आणि पुढे तिथे गाठ येऊन पू धरतो. म्हणून एक दांडी दीड फुटावर आणि दुसरी तीन फुटांवर असावी, दोन्ही दोन इंच रुंद आणि कडा गुळगुळीत केलेल्या असाव्यात, आणि दर पक्ष्यामागे आठ-दहा इंच लांबी मिळावी. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक फूट लांबी-रुंदीचा एक खोका पुरतो. तो दांडीपेक्षा खाली असावा, नाहीतर त्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

खाली भाताच्या तुसाचा चार इंचांचा थर द्यावा. तो रोज वरवर हलवावा आणि पावसाळ्यात रोज मूठभर तूस हातात घेऊन घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर तूस विखुरले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी तो भाग काढून टाकावा, खालच्या फळीवर चुन्याची फक्की पसरावी आणि नवे तूस घालावे. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात, पण ते लगेच आजार पसरवत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते पक्व होतात आणि मगच पिल्लांना बाधतात. कोरड्या तुसात त्यांना ती संधी मिळत नाही, हे एवढे साधे कारण मूठ दाबून पाहण्याच्या सवयीमागे आहे.

सकाळ आणि संध्याकाळ

दिवसाकाठी कोंबड्यांना फार वेळ लागत नाही. सकाळची वीस मिनिटे आणि संध्याकाळची दहा मिनिटे पुरतात, मात्र ती नियमाने द्यावी लागतात. सकाळी दार उघडल्यावर लगेच खाद्य टाकू नये. आधी बाजूला उभे राहून कोण कसे बाहेर येते ते पाहावे. निरोगी कोंबडी धक्काबुक्की करत बाहेर पडते. जी शेवटी, पिसे फुलवून, मान आखडून येते तिला त्या दिवशी लक्षात ठेवावे. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळ्या पक्ष्याला बाकीचे चोचीने हाणतात, म्हणून उघड लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

त्यानंतर रात्रीची विष्ठा पाहावी. काळपट गोळा आणि वर पांढरी टोपी ही चांगली विष्ठा होय. दहातील एखादी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची असते, तीही नेहमीचीच असल्याने घाबरू नये. हिरवट पाणी, रक्त किंवा जंत दिसले तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारावे.

पाण्याचे भांडे रोज घासून भरावे. नऊ पक्ष्यांना एरवी दोन-अडीच लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात ते दुप्पट होते. एप्रिल-मेमध्ये भांडी सावलीत दोन ठिकाणी ठेवावीत, कारण मिश्र कळपात दांडगी कोंबडी एका भांड्यावर पहारा देते आणि हलकी उन्हात तहानलेली राहते. धापा टाकताना कोंबडीच्या शरीरातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, त्याचा परिणाम अंड्याच्या कवचावर होतो आणि कवच पातळ पडते. त्यामुळे मे महिन्यात अंडी फुटू लागली तर आधी सावली आणि पाणी तपासावे. दुपारी खाद्य देऊ नये, पत्र्यावर ओले गोणपाट टाकावे आणि खाद्य पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास विभागून द्यावे.

संध्याकाळी सगळ्या आपोआप आत जातात. त्यांची मोजणी करावी आणि दांडीवर बसल्यावर एक-दोघींच्या गळ्याखाली हात लावून चाऱ्याची पिशवी चाचपावी. आमच्या काळ्या कोंबडीची पिशवी संध्याकाळी लिंबाएवढी, किंचित कणीदार आणि टणक लागते, आणि सकाळी तिथे हाताला काहीच लागत नाही. सकाळीही ती फुगलेली लागली तर आत लांब गवत किंवा धागा अडकलेला असतो, आणि संध्याकाळीच रिकामी लागली तर त्या कोंबडीला कोणी तरी खाऊ देत नाही.

खाद्य

जातिवंत अंड्याच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते आणि गावठीला त्याहून कमी. नऊ पक्ष्यांना दिवसाला एक किलोच्या आत खाद्य पुरते, म्हणजे पन्नास किलोचे पोते जवळजवळ दोन महिने चालते, पण पावसाळ्यात खाद्य इतके दिवस खराब झाल्याशिवाय राहत नाही. स्वस्त पडते म्हणून पोते आणू नये. जून ते ऑक्टोबर या काळात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे आणि विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावे. मक्यावर बुरशी धरली की तिच्यात यकृताला घातक विष तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. कुबट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर पैशांचा विचार न करता ते खाद्य फेकून द्यावे, आणि तेही कोंबड्या उकरतील अशा उकिरड्यावर टाकू नये.

कळपात अंड्यावर आलेल्या कोंबड्या, तलंगा आणि कोंबडा असे सगळे एकत्र असतील तर सगळ्यांना अंड्यांवरचे खाद्य देणे बरोबर नाही. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, ते वाढत्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अशा कळपाला वाढीचे खाद्य द्यावे आणि कॅल्शियम वेगळ्या वाटीत ठेवावे. अंड्यावरची कोंबडी ते गरजेपुरते आपण होऊन खाते. आपल्याकडे ही वाटी भरणे सोपे आहे. तिसऱ्या आणि कालवे यांची स्वच्छ धुतलेली शिंपले तव्यावर भाजावीत, कुटावीत आणि ज्वारीच्या दाण्याएवढा भरडा ठेवावा. कोंबडीला दात नसल्याने दाणे दळायला बारीक खडीही लागते, तीही दुसऱ्या वाटीत असावी.

घरातले उरलेले अन्न द्यायला हरकत नाही, पण ते दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. भात, भिजवलेली भाकरी, लाल माठ, शेवग्याचा पाला, कोथिंबिरीची देठे त्या आवडीने खातात. बाजारातला सुका जवळा प्रथिनांसाठी उत्तम, पण तो बहुधा खारवलेला असतो, म्हणून तासभर भिजवून, दोनदा धुऊन आणि मूठभरच द्यावा. कच्चा राजमा, बटाट्याची हिरवी साले, खारट आमटी आणि आंबलेले अन्न देऊ नये.

लस आणि आजार

मानमोडी हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घात करणारा आजार आहे. कोंबडीची मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, श्वासाला घरघर येते आणि सगळा कळप आठवड्यात संपू शकतो. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लाच्या वयाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा या मानमोडीवरच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो या दुसऱ्या आजाराची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीची इंजेक्शनची लस असा क्रम साधारणपणे धरतात. नेमके वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावे. देवी डासांमधून पसरते, आणि खाडीकाठी डासांना तोटा नाही, म्हणून ती लस पावसाळ्यापूर्वीच झालेली असावी.

छोट्या कळपाची अडचण अशी की लसीची बाटली किमान शंभर मात्रांची येते आणि आपल्याकडे पक्षी नऊच असतात. एकदा विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. यावर उपाय म्हणजे गावठाणातल्या चार-सहा घरांनी एक दिवस ठरवावा, एकाने बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणावी आणि संध्याकाळच्या थंड वेळी घरोघरी एका फेरीत सगळ्यांचे पक्षी करून घ्यावेत. लस पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे पाणी तसेच वापरू नये, कारण त्यातल्या क्लोरीनने लस निकामी होते.

उवा आणि लाल गोचीड यांच्यासाठी धुळीची आंघोळ हाच नेहमीचा उपाय आहे. पावसाळ्यात परसात कोरडी माती उरत नाही, म्हणून पत्र्याखाली एक रुंद घमेले माती आणि चुलीची राख यांच्या मिश्रणाने भरून ठेवावे. लाल गोचीड दिवसा फळ्यांच्या फटींत लपते आणि रात्री रक्त पिते. ती आहे की नाही हे पाहण्यासाठी रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवावे आणि त्यावर तांबडे ठिपके उमटले तर सगळ्या फटी साफ करून तिथे चुना भरावा.

बर्ड फ्लूबद्दल गाफील राहू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली इथे, आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यातल्या चिरनेर इथे त्याचा प्रादुर्भाव झाला होता. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पण रानपक्ष्यांची विष्ठा आपल्या कोंबड्यांच्या पाण्यात पडणार नाही याची काळजी आपण घेऊ शकतो. खाद्य आणि पाणी छपराखालीच ठेवावे आणि खुराड्यात जाण्यासाठी वेगळ्या चपला ठेवाव्यात. एका दिवसात दोन-तीन पक्षी अचानक मेले तर त्यांना उघड्या हातांनी शिवू नये, कापू नये, नाल्यात टाकू नये आणि उरलेले पक्षी घाईने विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. विकण्याची घाई केली तर आजार दुसऱ्याच्या परसात जातो, आणि तो दुसरा बहुधा आपलाच नातलग किंवा शेजारी असतो.

नवा पक्षी कळपात घालताना

नवी कोंबडी कुठूनही आणली तरी तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवावी आणि आधी जुन्या कळपाचे, मग तिचे खाणेपिणे करावे. नंतर आठवडाभर जाळीच्या आड दोन्हींना एकमेकांसमोर ठेवावे आणि मग एका रात्री अंधारात तिला हळूच दांडीवर नेऊन बसवावे. शक्यतो एकटी कोंबडी न घालता दोन घालाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. कळपातली उतरंड चोचीने ठरते आणि ती आकारावर अवलंबून नसते. आमच्याकडे सव्वा किलोची काळी गावठी दोन्ही वनराजांना खाद्यावरून हुसकावते. दोन-चार दिवसांची चोचाचोची चालू द्यावी. रक्त दिसले तर मात्र लगेच जखमी पक्षी वेगळा करावा, जखमेवर हळद लावावी आणि ती भरेपर्यंत परत घालू नये, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच चोच मारत राहतात.

अंडी

मिश्र कळपात कोणते अंडे कोणाचे हे थोड्या दिवसांत ओळखता येते, आणि त्यामुळे कोणती कोंबडी थांबली हेही कळते. दिवस लहान होऊ लागले की सप्टेंबर ते डिसेंबर या काळात पिसे झडतात आणि अंडी बंद होतात. तो आजार नाही, तेव्हा फक्त प्रथिने थोडी वाढवावीत. श्रावणात आसपासची घरे अंडी घेत नाहीत आणि डब्यात ती साठत जातात. साठवायची अंडी धुवू नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक पातळ लेप धुतल्याने निघून जातो; मळलेली असतील तर कोरड्या फडक्याने पुसावीत. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी पुन्हा बाहेर काढून ठेवू नयेत, कारण आपल्या दमट हवेत त्यांच्यावर लगेच पाणी धरते आणि त्या पाण्याबरोबर कवचावरचे जंतू आत शिरतात.

खुडूक बसवणे

पिल्ले काढायची असतील तर पावसाळ्यात खुडूक झालेल्या कोंबडीला अंड्यांवर बसवण्याचा मोह आवरावा आणि तिला दोन-चार दिवस खाली तूस नसलेल्या, वारा लागेल अशा पिंजऱ्यात ठेवून तिची खुडूक मोडावी. दिवाळीचे फटाके संपले, हवा कोरडी झाली, की मग रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवावे. वनराज आणि ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाहीत, तेव्हा हे काम गावठीकडेच येते. आपल्या मिश्र अंड्यांतून निघणारी पिल्ले आईसारखीच होतील अशी अपेक्षा ठेवू नये. सुधारित जातींचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात. कोंबडा दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावठाणातल्या कोंबड्याशी बदलून घ्यावा, नाहीतर बापलेकींची पिल्ले कमजोर निघतात.

रुंद टोपलीत खाली राख, वर कोरडा पेंढा घालावा आणि रात्री कोंबडीखाली एक आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी ठेवावीत. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडे विजेरीवर धरून पाहावे; ज्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते ते जिवंत असते, जे आरपार स्वच्छ दिसते ते काढून टाकावे. रोज एकदा तिला उठवून खाऊ-पिऊ घालावे, आणि ती पंधरा-वीस मिनिटांत आपण होऊन परत बसते. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. एकविसाव्या दिवशी आतून किलबिल ऐकू येते, कवचाला चीर जाते, आणि त्यानंतर पिल्लू बाहेर यायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. त्याला ओढून काढू नये. बलकाचा शेवटचा भाग पोटात घेऊनच ते बाहेर येत असल्यामुळे पहिल्या दिवशी खाद्याची घाई नसते. शेवटचे पिल्लू वाळून फुगीर झाले की आईसह सगळ्यांना नव्या तुसावर, डालग्याखाली हलवावे, उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवावे म्हणजे कोणी बुडत नाही, जुना पेंढा खतात टाकावा आणि टोपली धुऊन दोन दिवस कडक उन्हात उलटी घालावी.